दत्ताच्या तसबिरीमागचा सिंह

दिवाळीच्या आधी देवघराला रंग द्यायचा म्हणून दत्ताची तसबीर खाली घेतली, तेव्हा काचेला तडा गेलेला दिसला. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून थेट गाईच्या पाठीपर्यंत. ही तसबीर माझ्या पणजोबांनी आणलेली, रवि वर्मा छापखान्याचा दत्त. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या या घराची आजवर तीनदा डागडुजी झाली, पण दत्ताचा खिळा कुणी हलवला नाही. मी तसबीर जुन्या धोतरात गुंडाळली आणि रिक्षाने दौलतगंजात फ्रेमवाल्याकडे नेली.

त्या दुकानाशी माझा चाळीस वर्षांचा परिचय. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा मुलांच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा तिथेच व्हायच्या. आता वडिलांच्या जागी मुलगा बसतो. त्याने पकडीने मागच्या गंजलेल्या चुका एकेक करून उपटल्या, पुठ्ठा उचलला आणि थबकला. म्हणाला, "दीदी, भगवानजी के पीछे तो शेर बैठा है!"

पुठ्ठा आणि दत्त यांच्या मध्ये एक कागद होता. मागे भर हवी म्हणून जुने फ्रेमवाले हाताला लागेल तो कागद घालत. पंचांगाची पानं, कापडाच्या ताग्यावरचे छाप, वर्तमानपत्रं, काहीही निघतं. आमच्या दत्तामागून निघालं एका इंग्रजी सचित्र साप्ताहिकाचं पान. पिवळं पडलेलं, कडांना तपकिरी झालेलं, मधोमध घडीची रेघ. पानावर एक पिंजरा, आणि पिंजऱ्यात एक माणूस, दोन सिंह, एक वाघ, दोन बिबटे.

तो कागद घरी आणल्याला दोन महिने झाले. रोज सकाळी खिडकीजवळचं टेबल मोकळं करते, भिंग घेते आणि बसते.

आधी चित्र सांगते. माणूस मधोमध उभा आहे, डावा पाय खाली बसलेल्या सिंहाच्या पाठीवर. अंगात रोमन शिपायासारखा आखूड झगा, पायात पट्ट्यापट्ट्यांच्या वहाणा, दंड उघडे. उजव्या हातात आखूड चाबूक, डावा हात वाघाच्या जबड्यात. चेहरा मात्र आपल्याकडे. पाच हिंस्र जनावरांमध्ये उभा असून तो एकाकडेही बघत नाही. गजांच्या बाहेर उंच टोप्यांची माणसं आहेत, एका बाईने तोंडावर रुमाल धरला आहे. चित्राखालची ओळ फ्रेमच्या मापात बसावी म्हणून कुणीतरी कापून टाकली. शेवटची अक्षरं तेवढी वाचली आहेत : "...म्बर्ग".

तेवढी अक्षरं आणि तो पोशाख पुरेसा आहे. हा आयझॅक व्हॅन अ‍ॅम्बर्ग. जन्म १८०८ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. १८३३ च्या सुमारास तो न्यूयॉर्कमध्ये जनावरांच्या पिंजऱ्यात शिरून खेळ करू लागला, आणि सिंहाच्या तोंडात डोकं घालण्याचा प्रकार त्याच्याच नावाने गाजला. १८३८ साली तो लंडनला आला. राणी व्हिक्टोरिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती. १८३९ च्या जानेवारीत ती ड्रुरी लेनच्या नाटकगृहात त्याचा खेळ बघायला पुन्हा पुन्हा गेली, आणि एकदा तर खेळ संपल्यावर जनावरांना मांस घालताना बघायला स्वतः रंगमंचावर चढली. एडविन लँडसियरने त्याच वर्षी व्हॅन अ‍ॅम्बर्गचं जनावरांसकट मोठं तैलचित्र रंगवलं. पुढे वेलिंग्टनच्या ड्यूकनेही लँडसियरकडूनच दुसरं करून घेतलं. राणीला आवडलं म्हटल्यावर सगळ्या लंडनला आवडलं. दुकानांत चित्रं, भिंतींवर चित्रं, आणि १८४२ पासून निघू लागलेल्या सचित्र साप्ताहिकांतही चित्रं. १८४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो इंग्लंडात होता, म्हणजे आमचा कागद त्या दोन-चार वर्षांतला धरायला हरकत नाही.

तो लष्करात कसा आला? मला वाटतं मुरारहून. १८८६ पर्यंत मुरारची छावणी आणि ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. साहेब लोकांकडे विलायतेहून गठ्ठ्याने वर्तमानपत्रं यायची. छावणी उठली तेव्हा सामानाबरोबर रद्दीही बाजारात आली असणार. रवि वर्मांचा छापखाना १८९४ चा, म्हणजे दत्त त्यानंतरचा. रद्दीचा गठ्ठा एखाद्या तसबिरवाल्याकडे दहा-पंधरा वर्षं पडून राहणं काही अवघड नाही.

आता चित्र छापलं कसं ते सांगायलाच हवं, कारण मला जे दिसलं ते त्याच्यामुळेच दिसलं.

हे लाकडावर कोरलेलं चित्र आहे. बॉक्सवूड नावाच्या झाडाचं लाकूड फार घट्ट असतं. त्याचा खोड आडवा कापून मिळालेला तुकडा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा आणि बारीक कोरणीने कोरायचं. जे कोराल ते छापात पांढरं येतं, जे राहील ते काळं. म्हणजे कारागीर अंधारातून उजेड काढत जातो. पण या झाडाचं खोड हातभरसुद्धा रुंद होत नाही. मोठं चित्र हवं तर लाकडाचे लहान लहान ठोकळे एकाला एक जोडावे लागत, आणि साप्ताहिकाला घाई असेल तर एकाच चित्राचे भाग निरनिराळ्या कारागिरांना वाटून दिले जात. जोडाच्या जागी शाई नीट बसत नाही. तिथे छापात केसाएवढी पांढरी रेघ उमटते.

आमच्या चित्रात अशा दोन उभ्या रेघा आहेत. एक उजवीकडच्या गर्दीतून जाते. दुसरी उभ्या सिंहाच्या बरगडीतून खाली उतरते आणि पिंजऱ्याचे दोन भाग करते. रेघेच्या उजवीकडे माणूस, वाघ, पायाखालचा सिंह. डावीकडे उभ्या सिंहाचं तोंड आणि दोन बिबटे. भिंग घेऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दोन्हीकडचा हात एक नाही.

उजवीकडचा कारागीर तरबेज आहे, पण त्याने वाघ ऐकून कोरला आहे. पट्टे सगळे सारख्या अंतरावर, आयाळ बाजारातल्या लोकरीच्या टोपीसारखी, वाघाचे डोळे माणसाचे. डावीकडच्याने मात्र जनावर पाहिलेलं आहे. त्याचे बिबटे अंगठ्याच्या नखाएवढे आहेत, आणि त्या नखाएवढ्या जागेत त्याने काय काय सांगितलं आहे! पुढच्याचे कान मागे चपटे झालेले, डोक्याला चिकटलेले. पोट जमिनीला टेकलेलं, पुढचे पंजे अंगाखाली ओढलेले. शेपटी मागच्या पायांत. तोंड उघडं आहे, पण ती डरकाळी नव्हे. ओठ आडवे ताणलेले, दाढेपर्यंत दात दिसतात आणि नाकावर चार बारीक सुरकुत्या. ज्याच्या घरात मांजर आहे त्याला हे तोंड चटकन ओळखू येईल. आमची मनी गल्लीतलं कुत्रं जिन्यात शिरलं की कपाटाखालून असंच तोंड करते. मागचा बिबट्या तर कोपऱ्यात एवढा घुसला आहे की गजांच्या रेघा त्याच्या पाठीवरून गेलेल्या दिसतात.

शाळेत मी मुलांना सांगत असे, चित्रात आधी उजेड कुठे आहे ते शोधा, म्हणजे चित्रकाराला काय दाखवायचं आहे ते कळेल. इथे सगळा उजेड त्या माणसाच्या छातीवर आणि दंडांवर आहे. त्याचं धाडस बघा, असंच चित्र म्हणतं. पण अंधाऱ्या कोपऱ्यात कुणा एका पगारी कारागिराने, ज्याचं नावसुद्धा कुठे छापलेलं नाही, त्याच्या वाट्याला आलेल्या ठोकळ्यात भीती कोरून ठेवली आहे. त्याला कुणी तसं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्याने जे पाहिलं होतं ते कोरलं.

एक चूक माझ्या हातून झाली, तीही सांगते. चित्र रंगवलेलं आहे. छापलेले रंग नव्हेत, हाताने दिलेले जलरंग : झग्याला लाल, वाघाला पिवळा, सिंहांना मातकट. पिवळा रंग पट्ट्यांबाहेर जमिनीवर ओघळला आहे. हे रंग इंग्लंडात भरले की इथे लष्करात एखाद्या मुलाने, कोण जाणे, पण ज्याने भरले त्याने बिबट्यांना हातच लावला नाही. तर वाघाच्या शेपटीवर माशीचे डाग होते. ते निघावेत म्हणून मी ओला कापूस फिरवला. दोनदाच फिरवला, आणि शेपटीचा पिवळा रंग कापसावर आला. जलरंगावर पाणी लावू नये हे मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दीडशे वर्षांहून जुन्या कागदाला कोरड्या मऊ ब्रशाशिवाय काही लावू नका, आणि डाग असतील तर राहू द्या.

मग मी पिंजरा मोजला. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर पट्टी लावून बाकीचं काढता येतं. उंची सहा फुटांच्या आतबाहेर, म्हणजे हात वर केला तर छताला लागेल. लांबी बारा-तेरा फूट. खोली सात. आमच्या स्वयंपाकघराएवढी जागा, आणि त्यात पाच मोठी जनावरं आणि एक माणूस. चित्रकाराने थोडंफार इकडेतिकडे केलं असेल, पण अशीच मापं त्या काळच्या फिरत्या प्राणिसंग्रहांच्या गाड्यांची असत. जनावर ज्या गाडीत गावोगाव फिरायचं, त्याच गाडीत खेळही व्हायचा.

याचा अर्थ काय होतो ते मला हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाच्या मांडणीवरून समजलं. हे गृहस्थ झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते आणि सर्कशीतल्या जनावरांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. प्रत्येक रानटी जनावराच्या मनात एक अंतर ठरलेलं असतं. शत्रू त्या अंतराच्या आत आला की ते पळतं. पळायला जागाच नसेल आणि शत्रू आणखी जवळ आला, तर दुसरं, लहान अंतर लागतं, आणि तिथे ते उलटून अंगावर येतं. पाऊल मागे घेतलं की थांबतं. रिंगमास्तरची सगळी विद्या या दोन रेघांच्या मधली. एक पाऊल पुढे टाकलं की सिंह उठतो, बाजूला सरकलं की स्टुलावर चढतो, आणि लोकांना वाटतं हुकूम ऐकला.

आता आमच्या चित्रातला सात फूट खोलीचा पिंजरा बघा. तिथे माणूस शिरला की पहिली रेघ शिल्लकच राहत नाही. जनावराला दोनच गोष्टी उरतात, कोपऱ्यात दबून राहणं किंवा अंगावर येणं. कोपऱ्यात दबलेलं जनावर लोकांना माणसाळलेलं वाटायचं. व्हॅन अ‍ॅम्बर्ग जनावरांना लोखंडी कांबीने मारून वठणीवर आणतो असं त्याच्या काळातच बोललं जाई. त्यावर उत्तर म्हणून तो सिंहाशेजारी कोकरू आणून निजवायचा आणि बायबलातल्या वचनाकडे बोट दाखवायचा. तो स्वतः १८६५ साली फिलाडेल्फियात अंथरुणावर वारला. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हतं. वॉम्बवेलच्या फिरत्या प्राणिसंग्रहात एलन ब्राइट नावाची सतरा वर्षांची मुलगी हाच खेळ करायची. १८५० च्या जानेवारीत केंटमधल्या चॅटमला वाघ वाटेत आडवा आला, तिने त्याला चाबूक मारला, आणि त्याने तिथेच तिचा जीव घेतला. सतरा वर्षं! माझ्या वर्गात अकरावीला याच वयाच्या मुली बसायच्या. चाबूक तिच्या हातात कुणी दिला आणि तिकिटाचे पैसे कुणी मोजून घेतले, हे मला त्या वाघापेक्षा जास्त छळतं.

या खेळांना आपल्या देशाचं नाव किती वापरलं गेलं, तेही बघा. व्हॅन अ‍ॅम्बर्गच्या आधी हेन्री मार्टिन या फ्रेंच माणसाने १८३१ साली पॅरिसच्या सर्क ऑलिम्पिकमध्ये एक नाटकच उभं केलं, 'म्हैसूरचे सिंह' अशा नावाचं. त्याच वर्षी ते हैदर अलीच्या नावाने लंडनला ड्रुरी लेनवर झालं. म्हैसूरच्या जंगलात वाघ, बिबटे, हत्ती, पण सिंह नाहीत. आपल्या फ्रेमवाल्याने दोघांनाही शेर म्हटलं ते बोलीभाषेत चालून जातं, पॅरिसच्या नाटकवाल्यांना मात्र हिंदुस्थान म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे सिंह एवढंच पुरे होतं. हा मार्टिन पुढे खेळ सोडून रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचा पहिला संचालक झाला, आणि ते मला त्याच्या बाजूने लिहावंसं वाटतं.

हे सगळं वाचत असताना मला सारखा मेळा आठवत होता.

आमच्या ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केला. थंडीत भरतो, आणि माझ्या लहानपणी त्यात सर्कस नाही असं वर्ष जात नसे. १९६७ च्या मेळ्यात मी नऊ वर्षांची होते. अण्णा आम्हा तिघा भावंडांना घेऊन गेले. लाकडी फळ्यांवर बसलो, खाली भुसा आणि घोड्याच्या लिदीचा वास. मध्यंतरात विदूषक मारामारी करत होते तेवढ्यात माणसांनी गोल जाळीचे तुकडे आणून भराभर पिंजरा उभा केला. बाहेरून आत यायला लोखंडी गजांचा बोगदा. त्यातून एकामागून एक सात वाघ-सिंह आले. दिवे मंद झाले, जळती रिंग आली, वाघाने उडी मारली आणि मी टाळ्या पिटल्या. हात लाल होईपर्यंत पिटल्या. ते मी नाकारणार नाही. आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोष्टींत तो हवेतला वाघ अजून आहे.

खेळ संपल्यावर अण्णांच्या ओळखीने आम्हाला तंबूच्या मागे जाता आलं. गाड्या ओळीने उभ्या होत्या. तोच वाघ एका गाडीत होता. तीन पावलं, वळण, तीन पावलं, वळण. वळताना दर वेळी त्याचं नाक एकाच गजाला घासायचं. नाकाच्या त्या बाजूचे केस गेले होते आणि कातडी गुलाबी झाली होती, आठाण्याएवढी. गजावरचा रंगही बरोबर तेवढ्याच उंचीवर उडालेला, आतलं लोखंड चकचकीत. मी अण्णांना विचारलं, "त्याला दुखत नाही का?" अण्णा काही बोलले नाहीत. माझा हात घट्ट धरून त्यांनी मला बाहेर आणलं. त्या रात्री घरी येऊन मी वाघ काढला. आईने तो वही फाटेपर्यंत जपला होता. चित्रात वाघ रिंगेतून उडी मारतो आहे. नाकाचं मी काही काढलं नव्हतं.

मेळ्यातला तो गोल पिंजरा म्हणजे कार्ल हागेनबेकची देणगी, हे मला आता कळलं. हा हॅम्बुर्गचा जनावरांचा व्यापारी. १८८० च्या दशकाच्या शेवटी त्याने मारझोड सोडून मांसाचा तुकडा, सवय आणि धीर यांवर जनावरं तयार करायची पद्धत आणली, आणि खेळ गाडीतून काढून मोठ्या गोल पिंजऱ्यात नेला. गोल पिंजऱ्याला कोपरा नसतो. जनावराला सरकायला जागा मिळाली, ती पहिली रेघ परत मिळाली. फरक मोठा होता, पण खेळ संपला की वाघ परत गाडीतच जायचा.

आपल्याकडची सर्कस विष्णुपंत छत्र्यांची. १८८० साली त्यांनी मुंबईत तंबू उभा केला. चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहून त्यांनी हे मनावर घेतलं, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यांची अर्धी तयारी ग्वाल्हेरात झाली हे इथल्या मुलांनाही कुणी सांगत नाही. तरुणपणी ते इथे आले. हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले आणि बाबासाहेब आपट्यांकडे घोड्याची विद्या. पुढे हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ विपन्नावस्थेत सापडले तेव्हा याच विष्णुपंतांनी त्यांना सर्कशीबरोबर ठेवून घेतलं आणि सांभाळलं. छत्र्यांच्या मागेही त्या घराने त्यांना अंतर दिलं नाही. १९२२ साली खाँसाहेब कुरुंदवाडला वारले. एकाच तंबूत वाघ, घोडे आणि ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल. मला हा आमच्या गावाचा मोठा मान वाटतो.

आणि घोड्याची विद्या म्हटलं की आमच्या घरातली गोष्ट येते. ज्या पणजोबांनी हा दत्त आणला ते शिंद्यांच्या पागेत चाबुकस्वार होते. चाबुकस्वार म्हणजे कोऱ्या शिंगराला लगाम आणि खोगीर शिकवणारा माणूस. नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सांगितलेलं असं : नवा घोडा आला की पणजोबा पहिले तीन दिवस त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. ओंजळीत भिजवलेले हरभरे धरून, हात मागे. मोतद्दारांनाही, म्हणजे घोड्यांची चाकरी करणाऱ्यांनाही, बोलायची बंदी. घोडा आपणहून येऊन ओंजळीत तोंड घालेपर्यंत वळायचं नाही. मग खरारा, मग नुसती दोरी, मग लगाम. चाबूक त्यांच्याकडे होता. तो आमच्या माळ्यावर अजून आहे, मुठीचं कातडं हाताने काळं झालेलं. नाना म्हणत, तो फक्त हवेत वाजायचा. मी पणजोबांना पाहिलेलं नाही, आणि ज्या घोड्यांना त्यांनी शिकवलं त्यांना विचारायची सोय नाही. पण पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या कागदावरचा माणूसही जनावरांकडे पाठ करूनच उभा आहे, लोकांकडे तोंड करून. दोघांच्या पाठीत किती फरक!

पुण्याचे दामू धोत्रेही आठवतात. १९०२ चा जन्म, नात्यातल्या शेलारांच्या सर्कशीत वाढले, आणि १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत बिबटे आणि जग्वार घेऊन उभे राहिले. मराठी माणसाचं एवढं नाव त्या क्षेत्रात दुसरं नाही. त्यांच्याबद्दलचा आदर आणि त्या गुलाबी नाकाबद्दलची कळ, दोन्ही माझ्याजवळ आहेत, आणि एकासाठी दुसरी सोडायची मला इच्छा नाही.

१४ ऑक्टोबर १९९८ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली : अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवता येणार नाही, दाखवताही येणार नाही. सर्कसवाले कोर्टात गेले. मे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. कितीतरी सर्कसवाल्यांच्या पोटावर पाय आला, हे मी मेळ्यातल्या रिकाम्या फळ्यांवर बसून पाहिलं आहे, आणि त्यांच्या पोटापाण्याची नीट सोय व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. बंदी तरीही योग्यच होती.

परवा फ्रेमवाल्याकडून दोन्ही कामं आली. पिंजऱ्याचं चित्र मी वेगळं करून घेतलं. बारीक कडेची सागवानी पट्टी, काच आणि कागद यांत अंतर राहावं म्हणून जाड पासपार्टू, मागे आम्ल नसलेला बोर्ड. तो इथे मिळाला नाही, भाच्याने इंदूरहून आणून दिला. फ्रेमवाल्याला मी सांगितलं होतं की कागद कुठे चिकटवू नकोस, वरच्या बाजूला दोन तांदळाच्या कागदाच्या पट्ट्यांवर नुसता लटकू दे. त्याने तसंच केलं आहे. पाहताना म्हणाला, "दीदी, इस कोने में तो कुछ दिखता ही नहीं, काला है. थोड़ा काट दूँ?" मी त्याला भिंग दिलं. बराच वेळ तो वाकून बघत होता. मग त्याने आतून लेकाला हाक मारली, आणि त्याला स्टुलावर चढवून भिंग त्याच्या हातात दिलं.

चित्र आता जिन्याच्या भिंतीवर आहे. तिथे ऊन येत नाही. मुद्दाम थोडं खाली लावलं आहे, बिबटे डोळ्यांच्या उंचीवर येतील असं.

दत्त त्याच्या खिळ्यावर परत गेला. नवी काच, मागे कोरा बोर्ड. बोर्ड बसवण्याआधी मी त्यावर पेन्सिलीने तारीख घातली, आणि इथे पूर्वी कुठलं चित्र होतं, ते आता घरात कुठे टांगलं आहे आणि वाघाच्या शेपटीचा रंग कुणाच्या हातून गेला, ते लिहून ठेवलं.